उधारी कोणाकडे किती? आधी टेबलं नीट मांडा

समजा, तुम्ही धायरीत मसाले दळून पॅक करता आणि सिंहगड रोडवरच्या हॉटेलांना, नऱ्हे-नांदेड फाट्याच्या दुकानांना माल देता. सगळा हिशोब एकाच एक्सेल शीटमध्ये: तारीख, नाव, पत्ता, फोन, माल, दर, जमा, बाकी. वीस गिऱ्हाइकांपर्यंत हे चालतं. पुढे एकाच हॉटेलचं नाव तीन प्रकारे टाईप होतं, पत्त्यात कुठे 'धायरी', कुठे 'धायरी फाटा'. फिल्टर लावला की एकाच माणसाची उधारी तीन ठिकाणी विखुरलेली दिसते, आणि तुम्ही फोन करता फक्त एका आकड्यासाठी. बाकीचे पैसे गेले ना राव!

यावरचा उपाय तुमच्या घरातल्या फायलीत आहे. सातबारा काढा. गाव नमुना 7 मध्ये जमीन कोणाची ते, 12 मध्ये पिकं, 8-अ मध्ये एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन, आणि 6 मध्ये फेरफार. प्रत्येक नोंदवहीचा विषय एक. त्यांना जोडतात ते नंबर: सर्व्हे किंवा गट नंबर, खाते नंबर, फेरफार नंबर. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल मॉडेल मांडलं, त्याच्या कितीतरी आधीपासून आपले तलाठी वेगवेगळ्या नोंदवह्या नंबरांनी जोडत होते.

तुमच्या धंद्याला पाच टेबलं पुरतात: गिऱ्हाईक, माल, बिल, बिलातल्या ओळी आणि जमा. गिऱ्हाइकाला एक नंबर द्या, तो पुन्हा कोणालाही नाही. ही प्रायमरी की. बिलाच्या टेबलात नाव-पत्ता लिहायचा नाही, फक्त तो नंबर. ही फॉरेन की. यादीत नसलेल्या गिऱ्हाइकाचं बिल मग डेटाबेसच घेत नाही. (तुम्ही मोफत मिळणारं एसक्यूलाईट वापरत असाल तर ही तपासणी मुद्दाम चालू करावी लागते, एवढं लक्षात ठेवा.)

बिलातल्या ओळी वेगळ्या कशाला? एका बिलात कधी दोन मसाले, कधी बारा. माल1, माल2, माल3 असे कॉलम पाडत बसलात की तेराव्या मालाला जागा नाही, आणि 'या महिन्यात हळद किती गेली' हे विचारायचं तर सगळे कॉलम धुंडाळायचे.

दराचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे अनेकजण जास्तीची हुशारी करतात. दर मालाच्या टेबलात आहेच, मग बिलाच्या ओळीत परत कशाला, असं वाटतं. पण मिरची महागली, तुम्ही मालाच्या टेबलात दर बदलला, की जुनी सगळी बिलं नव्या दराने दिसायला लागतात. मालाच्या टेबलातला आजचा दर आणि बिलाच्या ओळीतला त्या दिवशीचा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही ठेवा.

कॉलमचा प्रकारही ठरवा. हळदीचा एचएसएन कोड 0910. तो आकडा म्हणून ठेवला की पुढचं शून्य उडतं आणि 910 उरतं. कोड, फोन, पिनकोड यांची बेरीज करायची नसते, म्हणून ते टेक्स्ट. तारीख मात्र तारीखच हवी, नाहीतर दिवस मोजता येत नाहीत.

आणि दिवस मोजण्यातच तुमचा पैसा आहे. तुमची उद्यम नोंदणी असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याने खरेदीदाराने लेखी करार नसल्यास माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. म्हणून बिलाच्या टेबलात 'माल स्वीकारल्याची तारीख' हा कॉलम हवाच.

गिऱ्हाईक तुटलं तरी त्याची ओळ पुसू नका. सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात जातं, तसा 'चालू/बंद' कॉलम ठेवा.

टेबल आधीच बनलं असेल तर ऑल्टर टेबलने कॉलम वाढवता येतो. त्याआधी फाईलची एक कॉपी पेनड्राईव्हवर घ्या. नवा कॉलम जुन्या ओळींत रिकामा येतो, त्या तारखा डिलिव्हरी चलनांवरून हातानेच भराव्या लागतील. सगळ्या एकदम भरायला बसू नका, थकलेली बिलं आधी घ्या.