हार्ड डिस्कचे खासगी दप्तर

संगणकातील हार्ड डिस्क माणसाची पत्रे, छायाचित्रे आणि हिशेब सांभाळते, हे सर्वांस ठाऊक असते. पण ती स्वतःच्या प्रकृतीचेही एक दप्तर ठेवीत असते, ही गोष्ट बहुतेकांच्या कानी येते ती डिस्क बंद पडल्यावर. आणि तेव्हा ते दप्तर उघडून फारसा उपयोग उरलेला नसतो.

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली चुंबकीय डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि इतक्या पसाऱ्यात सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. आजच्या डिस्कमधील वाचनशीर्ष फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. आत काय बिघडते आहे हे बाहेरून पाहण्याची सोय नाही. तेव्हा डिस्कनेच ते सांगावे, हा विचार पुढे आला. १९९२ साली आयबीएमने आपल्या काही डिस्कांत बिघाडाची पूर्वसूचना देणारी योजना घातली. कॉम्पॅक कंपनीने डिस्क बनविणाऱ्यांस हाताशी धरून दुसरी एक योजना आखली व १९९५ साली ती सर्वांच्या स्वीकारासाठी समितीपुढे ठेवली. यांतून जी पद्धत रूढ झाली तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. हे नाव आद्याक्षरांचे आहे. आपले निरीक्षण, पृथक्करण आणि निवेदन आपणच करावयाचे, असा त्याचा आशय.

हे दप्तर कोठे असते? सामान्यतः त्याच तबकड्यांवर, पण वापरणाऱ्यास न दिसणाऱ्या राखीव पट्ट्यांत. तेथेच डिस्कच्या कारभाराचे नियम आणि सदोष जागांच्या दोन याद्या असतात: एक कारखान्यात तयार झालेली, दुसरी पुढे वापरात वाढत जाणारी. एखादी जागा वाचता येईनाशी झाली की ती प्रथम ‘प्रलंबित’ म्हणून नोंदली जाते. तिच्यावर नवे लेखन करण्याची वेळ आली म्हणजे तिची परीक्षा होते. ती नापास झाली तर तिच्याऐवजी राखीव साठ्यातील दुसरी जागा नेमली जाते आणि पुनर्वसितांची संख्या एकाने वाढते. वापरणाऱ्याला या स्थलांतराचा पत्ताही लागत नाही.

संगणकाने मागितल्यावर हे दप्तर ५१२ बाइटांच्या एका पानाच्या रूपाने मिळते. पानावर ३० ओळींची जागा, प्रत्येक ओळ १२ बाइटांची. ओळीत बाबीचा क्रमांक, तिचे आजचे गुण, आजवरचे नीचांकी गुण आणि सहा बाइटांत प्रत्यक्ष मोजणी. शेवटचा बाइट पडताळ्याचा. पानावरील सर्व आकड्यांच्या बेरजेस २५६ ने निःशेष भाग जावा असा तो बसविलेला असतो. गुण बहुधा १०० किंवा २०० पासून सुरू होतात आणि प्रकृती ढासळेल तसे उतरतात. प्रत्येक बाबीची उत्तीर्णतेची रेषा निर्माता ठरवितो. गुण तिच्यावर किंवा तिच्याखाली आले की डिस्क धोक्यात आहे असे समजावे.

डिस्कला प्रश्न विचारण्याची रीत मोठी मौजेची आहे. प्रश्नासोबत ७९ आणि १९४ हे दोन अंक परवलीसारखे पाठवावे लागतात. सारे ठीक असेल तर तेच अंक परत येतात. एखादी महत्त्वाची बाब नापास असेल तर त्यांच्या जागी २४४ आणि ४४ येतात. खुलासा काहीच नाही.

खरी अडचण पुढे आहे. पानाचा नमुना सर्वांचा सारखा असला, तरी आकड्यांचा अर्थ निर्मात्यागणिक बदलतो. सीगेट कंपनीच्या कित्येक डिस्कांत वाचनदोषांच्या रकान्यात कोट्यवधींचा आकडा दिसतो व पाहणारा घाबरतो. वास्तविक त्या संख्येच्या वरच्या भागात दोषांची मोजणी आणि खालच्या भागात झालेल्या एकूण वाचनांची मोजणी एकत्र बांधलेली असते. दोष कदाचित शून्यही असतील. उलटपक्षी पुनर्वसितांची संख्या शेकड्यांनी वाढूनही गुण रेषेच्या वर राहू शकतात. निर्मात्याला खोटी हाकाटी नको असते, म्हणून रेषा खाली आखलेली असते. शहाण्याने ‘उत्तीर्ण’ या शेऱ्यावर विसंबू नये. प्रत्यक्ष मोजणी गेल्या महिन्याहून वाढली काय, एवढे पाहावे. क्रमांक १९९ ची बाब वाढली तर डिस्कला दोष देण्यापूर्वी जोडणीची तार बदलून पाहणे इष्ट, कारण ती मोजणी तारेतून जाताना विस्कटलेल्या माहितीची असते.

या इशाऱ्यांवर भरवसा किती? २००७ साली गूगलच्या तीन अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांची पाहणी प्रसिद्ध केली. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट होता. मात्र बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दाखविले नव्हते. म्हणजे इशारा मिळाला तर तो खरा मानावा. न मिळाला तर निर्धास्त राहू नये आणि दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवावी.

राखीव पट्ट्यांतील मजकुराच्या एकाहून अधिक प्रती असतात. तरीही त्या सर्व खराब झाल्या, तर डिस्क चालूच होत नाही. घरातील लग्नाची छायाचित्रे तबकडीवर जशीच्या तशी असतात, पण तेथवर पोचण्याचा नकाशा गेलेला असतो. अचानक वीज गेली तर ताज्या मोजणीची नोंद दप्तरात चढण्यापूर्वीच राहून जाण्याचाही संभव असतो. शिवाय तारेने बाहेरून जोडावयाच्या काही डिस्कपेट्यांतील मधला दुभाषी हा प्रश्न डिस्कपर्यंत पोचवीतच नाही. अशी डिस्क संगणकास थेट जोडली, म्हणजेच तिचे दप्तर वाचता येते.