अकरा महिन्यांचं शिंगरू

चाकण एमआयडीसीतल्या कंपन्या ओलांडून निघोज्याकडे वळलं की पत्र्याच्या शेडमध्ये बैलांशेजारी बांधलेली घोडी दिसते. पुणे जिल्ह्यातल्या बैलगाडा शर्यतीत घाटात गाड्यापुढे घोडी पळते. सर्वोच्च न्यायालयाने 16 डिसेंबर 2021 ला शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, 18 मे 2023 ला घटनापीठानेही शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला आणि घरचं शिंगरू तयार करायची हौस पुन्हा जागी झाली.

मी पाहिलं ते शिंगरू अकरा महिन्यांचं, अंगाने चांगलं भरलेलं होतं. लंगडत अजिबात नव्हतं. मालकाला खटकली होती ती मागच्या दोन्ही पायांच्या हॉकवरची, म्हणजे मागे कोन काढणाऱ्या सांध्यावरची, सूज. डॉक्टर आधी बराच वेळ नुसते शिंगराच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग हात पाठीवरून मांडीवर, तिथून हळूच सांध्यावर. आतल्या बाजूचा फुगवटा अंगठ्याने दाबला की बाहेरच्या बाजूला ठेवलेलं बोट वर उचललं जाई. सांध्यात पाणी साठलं होतं. पण जागा गरम नव्हती, दाबल्यावर शिंगराने पायही झटकला नाही.

एक्स-रेत नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, मधल्या कंगोऱ्यावर, हाडाचा एक कण सुटा दिसला. दुसऱ्या पायातही तिथेच.

वाढत्या शिंगराच्या हाडांची टोकं आधी कूर्चेची असतात. आतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर पोसत ती कूर्चा हळूहळू हाड बनते. एखादी वाहिनी मध्येच बंद पडली तर तेवढा ठिपका मरतो, तिथे हाड धरत नाही आणि पुढे ताण आला की तुकडा सुटतो. यालाच ऑस्टिओकाँड्रोसिस म्हणतात. नेदरलँड्समध्ये शिंगरांचे दर महिन्याला एक्स-रे काढून केलेला एक अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हॉकमधले दोष साधारण पाचव्या महिन्यापर्यंत आपोआप भरून येताना दिसले. नंतर उरलेले कायम राहिले. म्हणजे लगाम चढण्याच्या कितीतरी आधी हा निकाल लागलेला असतो.

“खुराक काय देता?” डॉक्टरांनी विचारलं.

“कमी नाय काही. हरभरा, गव्हाचा भुसा, पोटभर.”

इथेच मला वाईट वाटलं. रक्तातून येणारा भाग असतोच, पण भरमसाट खुराकाने झपाट्याने झालेली वाढही या दोषाला हातभार लावते. भुशात फॉस्फरस फार, कॅल्शियम अगदी थोडं. हाडाला हवं त्याच्या नेमकं उलट. शिवाय शिंगराला रोज मोकळं हिंडावं लागतं, आणि इथली गायरानं कंपन्यांच्या भिंतींआड गेली. दिवसभर सिमेंटच्या कोब्यावर बांधलेलं जनावर माया कमी पडली म्हणून बिघडत नाही.

डॉक्टरांनी खुराक निम्म्यावर आणला, लसूणघास आणि खनिज मिश्रण सुरू करायला सांगितलं. रोज हाताने चालवायचं, पळवायचं नाही. तुकडा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढता येतो, त्याचा निर्णय पुढच्या एक्स-रेनंतर. तीन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या पाठीवर कुणी बसायचं नाही.

“तीन वर्षांचं झाल्यावर घाटात पळंल ना?”

“पळेल बहुतेक. पण आता याच्या आईकडे बघा.”

घोडी पुन्हा गाभण होती. पोटातलं शिंगरू शेवटच्या महिन्यांत आपल्या यकृतात तांबं साठवून घेतं, कारण आईच्या दुधात ते फारच कमी असतं; हाड-कूर्चेच्या घडणीला ते लागतं. म्हणून खनिज मिश्रण तिलाही आजपासूनच. मालकाने शेडमागची अर्ध्या एकराची पडीक जागा दाखवली, तिथे भंगारातले पाइप रचून ठेवले होते. ते हलवून कुंपण घालायला किती दिवस लागतील, याचा हिशेब त्याने तिथेच मुलाशी सुरू केला.