नकाशाचा रंग आणि जमिनीचा भाव

आमच्या व्यापारी बांधवांस मालाची पारख शिकवावी लागत नाही. धान्याची मूठ हाती घेताच त्याची प्रत सांगणारी, कापडाचा पोत बोटांनी ओळखणारी माणसे आमच्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या बसत आली आहेत. परंतु हीच मंडळी जमीन घ्यावयास निघाली म्हणजे ती पारख पुष्कळदा घरीच ठेवून निघतात, असा आमचा अनुभव आहे. रस्ता डांबरी आहे, विहिरीस पाणी आहे, मालक सरळ माणूस आहे, एवढे पाहून इसार दिला जातो. ज्या गोष्टीवर जमिनीचा खरा भाव ठरतो, ती मात्र जमिनीवर उभे राहून दिसतच नाही. ती दिसते नगररचनेच्या नकाशावर. कोणता भाग निवासी, कोणता व्यापारी, कोणता औद्योगिक आणि कोणता शेतीसाठी राखीव, हे तेथे निरनिराळ्या रंगांनी दाखविलेले असते.

इमारत बांधून विकणारा व्यावसायिक जमिनीचा भाव कसा ठरवितो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. तो हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करतो. बांधलेली जागा काय दराने विकली जाईल, हा पहिला आकडा. त्यातून बांधकामाचा खर्च, शासकीय शुल्के, भांडवलावरील व्याज आणि आपला नफा वजा करावयाचा. जे उरेल तेवढेच जमिनीच्या मालकास देता येते. म्हणजे त्याला माती विकत घ्यावयाची नसते. त्या मातीवर काय आणि किती बांधता येईल, हा हक्क तो विकत घेत असतो. हक्क वाढला की भाव वाढतो. हक्क आटला की भाव आटतो.

याचे आमच्या हैदराबादेतील ठळक उदाहरण म्हणजे उस्मानसागर व हिमायतसागर या दोन तलावांचा परिसर. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीस महापूर आला आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. अफजलगंज येथील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, ही आठवण येथे आजही सांगितली जाते. त्यानंतर सर विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने नदीवर बंधाऱ्यांची योजना झाली. १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाले. पुरापासून रक्षण आणि पिण्याचे पाणी, असा त्यांचा दुहेरी हेतू होता.

पुढे शहर पसरत तलावांपर्यंत पोहोचले, तेव्हा १९९६ साली राज्य शासनाने आदेश क्रमांक १११ काढला. तलावांपासून दहा किलोमीटरच्या पट्ट्यातील ८४ गावांत प्रदूषणकारी कारखाने, मोठी हॉटेले व निवासी वसाहती यांस मनाई झाली. गावठाणाबाहेरील आखणीत ६० टक्के जागा मोकळी व रस्त्यांसाठी सोडावी आणि बांधकाम भूखंडाच्या निम्म्याहून अधिक नसावे, अशी अट पडली.

या अटीचा अर्थ आकड्यांत पाहू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यातील ६० टक्के सोडल्यावर १७,४२४ चौरस फूट उरतात. त्यावर निम्मे बांधकाम धरले तर ८,७१२ चौरस फूट होते. आता पट्ट्याबाहेर एका एकरावर दुप्पट बांधकाम होऊ शकते असे समजा. ते होते ८७,१२० चौरस फूट. सर्व खर्च व नफा वजा जाता चौरस फुटामागे हजार रुपये जमिनीच्या वाट्यास येतात असे केवळ समजुतीसाठी धरले, तर आतील एकरास ८७ लाख १२ हजार आणि बाहेरील एकरास ८ कोटी ७१ लाख २० हजार रुपये देता येतील. माती तीच, पाऊस तोच. मध्ये नकाशावरील एक रेघ आणि भावात दहापटीचा फरक!

रेघ नसली तरी नियम असतोच. हैदराबादेत २००६ पासून इतर अनेक शहरांप्रमाणे चटई क्षेत्र निर्देशांकाची सरसकट मर्यादा नाही. तेथे इमारतीची उंची मुख्यतः समोरील रस्त्याची रुंदी, भूखंडाचा आकार आणि भोवती सोडावयाची मोकळी जागा यांवर ठरते. सबब एकमेकांस लागून असलेल्या दोन भूखंडांपैकी एक रुंद रस्त्यावर व दुसरा बोळात असेल, तर दोहोंचा दर एक धरणे ही चूक होय.

खरेदीनंतर नियम बदलला तर काय होते, याचाही दाखला याच पट्ट्यात आहे. एका कंपनीने १९९३ साली शमशाबादजवळील पेद्दशापूर येथे एरंडेल तेलावर प्रक्रिया करण्याच्या कारखान्यासाठी जमीन घेतली. पुढे निर्बंध आले. राज्य शासनाने कंपनीस सूट दिली. पण डिसेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असेल तेथे अपाय होण्यापूर्वीच खबरदारी घेतली पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने प्रमाण मानले. शासनाने दिलेली सूटही न्यायालयात टिकतेच असे नाही, हा धडा भांडवल गुंतविणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

एप्रिल २०२२ मध्ये आदेश क्रमांक ६९ निघून १९९६ चे निर्बंध उठविण्याचे ठरले, तेव्हा बाजारात ‘बंदी उठली’ एवढेच दोन शब्द फिरले. तलावांच्या पाण्याच्या शुद्धतेस बाध येता कामा नये ही त्याच आदेशातील अट आणि पुढील नियम ठरविण्यासाठी नेमावयाची समिती, यांचा उच्चार फारसा कोणी केला नाही. बाजारात तुरी असताना घरात भांडण करू नये, हे आपल्या वाडवडिलांचे सांगणे जमिनीच्या व्यवहारास तर अक्षरशः लागू पडते. जुलै २०२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हायड्रा’ या यंत्रणेने तलावांच्या हद्दीतील बांधकामांवर हातोडा चालविला, तेव्हा आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेल्या कुटुंबांवर काय प्रसंग आला, ते सर्वांनी पाहिले आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच, की इसारापूर्वी भूमापन क्रमांक घेऊन नियोजन प्राधिकरणाकडून जमिनीच्या वापराचा लेखी दाखला घ्यावा. तलावाची पूर्ण पाणपातळी व तिच्याबाहेरील सोडावयाचा पट्टा पाहावा. नियोजित रस्ता भूखंडातून जातो काय, हे तपासावे. मध्यस्थ ‘झोन लवकरच बदलणार’ असे म्हणत असेल, तर बदलापूर्वीच्या भावानेच व्यवहार करावा आणि उरलेली रक्कम परवानगी मिळाल्यावर देण्याची अट साठेखतात घालावी.

ही अट केवळ आपल्या बचावाची नाही. त्या ८४ गावांतील शेतकऱ्याने एक पिढीभर शहराच्या पाण्यासाठी आपल्या जमिनीचा भाव पडू दिला आहे. उद्या नियम खरोखर सैल झाले, तर वाढलेल्या किमतीवर पहिला हक्क कोणाचा? बदलाची कुणकुण आधी लागली म्हणून पडेल भावात त्याची शेती उचलणाऱ्याचा, की ज्याने इतकी वर्षे तोटा सोसला त्याचा? वाढ झाल्यास तिचा वाटा मूळ मालकास मिळेल, असे साठेखत करता येते. खतावणीत जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय ताळा जुळत नाही, हे आपल्या मुलांना आपण पेढीवर पहिल्या दिवशी शिकवितो. जमिनीच्या खात्यासही तोच नियम लावावा, असे आम्हांस वाटते.