अनुस्वार पडला, पण नाद लागला!

बारीक पातं, प्लायचा तुकडा आणि थोडा धीर. 'स्क्रोल सॉ' नावाच्या छंदात उतरायचं असेल तर एवढं पुरतं. मागांच्या गावात हा छंद कसा रुजू शकतो, त्याची ही गोष्ट.

एक काम करा. कागदावर आपल्या गावाचं नाव लिहा. इचलकरंजी. आता समजा, हा कागद नाही, सहा मिलीचा प्लाय आहे. अक्षरं ठेवायची आणि बाकीचं सगळं कापून टाकायचं. काय होईल?

इंग्रजीत लिहिलं असतं तर एकेक अक्षर सुटं होऊन पडलं असतं. देवनागरीत तसं होत नाही. शिरोरेषा सगळ्यांना हाताला धरून उभी असते, त्यामुळे अख्खं नाव एका तुकड्यात निघतं. 'च' आणि 'क' यांच्या पोटातली भोकं आणि 'जी'च्या वेलांटीखालची जागा तेवढी आतून कापायची. भारी वाटतंय ना? फक्त एकच गोष्ट निसटते. 'रं'वरचा अनुस्वार. त्याला धरायला कुणीच नसतं.

माझा निसटला. चार रात्री बसून केलेलं काम, शेवटचं वळण घेतलं आणि तो टिचभर ठिपका टुणकन उडून भुशात गेला. आईनं सुपात भुसा पाखडला, धाकट्या भावानं कॉटखाली टॉर्च मारली. मिळाला नाही. हातात राहिलं 'इचलकरजी'. बाबांनी पाटी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "गावाचं नाक कापलंस की गं!"

अनुस्वार हा नाकातला उच्चार. त्यामुळे व्याकरणानंही ते बरोबरच होतं म्हणायचं.

शिलाई मशीनचा लाकडी भाऊ

स्क्रोल सॉ म्हणजे काय, हे समजायला घरातलं शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. सुई जशी वरखाली होते, तसं इथं एक बारीक पातं वरखाली होतं. कापड जसं हातानं फिरवतो, तसं लाकूड फिरवायचं. पातं जागचं हलत नाही. साधारण पाच इंच लांब आणि काही तर जाडसर दोऱ्याएवढी बारीक, अशी ही पाती असतात. म्हणूनच ती जागच्या जागी वळतात. मोठ्या करवतीला जे कोपरे कधीच जमणार नाहीत, ते इथं निघतात.

खरी गंमत आतल्या भोकांची. बाहेरून एकही काप न देता मधला भाग कसा काढायचा? आधी ड्रिलनं छोटं भोक पाडायचं, पात्याचं एक टोक सोडवायचं, ते भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं आणि कापायला लागायचं. सुईत दोरा ओवायचाच प्रकार हा. एखाद्या नाजूक जाळीत शंभर भोकं असतील तर शंभर वेळा ओवा!

दुकानात गेलात तर एक घोळ टाळा. तुम्ही स्क्रोल सॉ मागाल आणि समोर जिग सॉ येईल. जिग सॉ हातात धरून लाकडावरून चालवतात. सुताराला ती रोज लागते, पण बारीक नक्षी तिच्यानं होत नाही. स्क्रोल सॉ टेबलावर बसतो. आणि यंत्र नकोच असेल तर हातानं चालवायची फ्रेट सॉ आहे. इंग्रजी यू अक्षरासारखी चौकट, तिला मूठ आणि मध्ये ताणलेलं पातं. मी सुरुवात तिच्यावरच केली. काही शे रुपयांत काम भागतं.

आणि ही फ्रेम आपल्याकडे नवी आहे असं समजू नका. इचलकरंजीतून हुपरीला जायला कितीसा वेळ लागतो? चांदीच्या पैंजणांचं ते गाव. चांदीकामात पत्र्यातून नक्षी कापायला जी बारीक करवत वापरतात, ती याच कुळातली. तिकडे चांदी, इकडे प्लाय, एवढाच फरक.

नकाशा कापला, कोडं झालं

या करवतीचं एक पोरगं तर तुम्ही लहानपणी खेळलायत. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे करणाऱ्या माणसानं नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून बारीक करवतीनं कापला. मुलांनी तुकडे जुळवत भूगोल शिकावा, ही कल्पना. आज आपण ज्याला जिगसॉ पझल म्हणतो, त्याची सुरुवात ती. त्याआधी फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात आंद्रे-शार्ल बूल हा कारागीर पितळ आणि कासवाच्या कवचाचे पातळ पत्रे एकावर एक ठेवून एकदमच कापायचा आणि एकाचं नक्षीकाम दुसऱ्यात बसवायचा.

आपल्याकडे म्हैसूरला शिसवी लाकडात वेगवेगळ्या रंगांचे तुकडे बसवून चित्रं करतात, त्यातही बारीक करवतीचंच काम आहे. जुन्या वाड्यातली लाकडी महिरप किंवा आजीच्या देव्हाऱ्याची जाळी एकदा जवळ जाऊन बघा. आतल्या कोपऱ्यात कानस कशी फिरवली असेल, हा प्रश्न पडला की समजा, तुम्हाला नाद लागायला सुरुवात झाली.

थर्माकोल गेला, प्लाय आला

पण आपल्या भागात या कामाला खरी जागा मिळाली ती बाप्पामुळं. पूर्वी मखर म्हणजे थर्माकोल. गल्लीतल्या पोरांकडं तापलेल्या तारेचं यंत्र असायचं. तार लाल झाली की थर्माकोल लोण्यासारखा कापला जायचा. २०१८ मध्ये राज्य सरकारनं प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली. मग काय करायचं? कुणी कागदाकडं वळलं, कुणी कापडाकडं आणि कुणी प्लाय, एमडीएफकडं.

आमच्या ओळखीतला एक दादा असाच. आठवडाभर नोकरी आणि रविवारी घराच्या जिन्याखाली स्क्रोल सॉ. त्याची मखरं घडीची आहेत. खाचेत खाच बसते, एकही खिळा नाही. विसर्जन झालं की सुटी करून माळ्यावर, पुढच्या वर्षी पुन्हा तीच. दिवाळीत तो आकाशकंदील कापतो आणि चैत्रात आजीसाठी चैत्रांगणातलं कासव, स्वस्तिक, गोपद्मं. माझी दुसरी पाटी मी त्याच्याच मशीनवर केली.

बाबांचा कान

आता मुद्द्याचं. माझे बाबा जॉबर. ज्यांच्या घरात माग नाहीत त्यांच्यासाठी सांगते, जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. माग बिघडला की त्याला हाक. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग सुरू केला आणि तेव्हापासून गावाचं पोट त्या खडखडाटावर चाललंय. बाबांनी आयुष्य त्या आवाजात काढलं. घरी टीव्ही मोठ्यानं लावतात, म्हणून आम्ही ओरडतो. पण कुठला माग चुकीचा वाजतोय, हे ते शेडच्या दारातून सांगतात.

या छंदाबद्दल त्यांचं मत सरळ होतं. "यातनं काय मिळणार?" राग नव्हता त्यात. आमच्या गावात मजुरी पिकावर, मीटरवर ठरते. आडवे धागे मोजले जातात, कापड मोजलं जातं, मग पैसे मोजले जातात. हात हलला की त्याचा हिशेब झालाच पाहिजे, ही इथली सवय. ज्याचं बिल होत नाही ते काम पोरगी रात्री अकरापर्यंत का करते, हे त्यांना कळेना. खरं सांगायचं तर मलाही सांगता येईना.

त्यात माझी पाती सारखी तुटत होती. डझनातली सात एका आठवड्यात गेली. एका रात्री आठवं तुटलं आणि मी फ्रेम आदळली. बाबा उठून आले. फ्रेम हातात घेतली, नवं पातं लावलं, आवळलं आणि बोटानं छेडलं. धप्प आवाज आला. अजून आवळलं, पुन्हा छेडलं. या वेळी टिंग्! "ताण कमी होता. ढिला धागा आणि ढिलं पातं, दोन्ही तुटतात," एवढंच म्हणाले आणि झोपायला गेले.

नंतर वाचलं तर जगभरचे छंदी हेच सांगतात. पातं तारेसारखं छेडा, स्वच्छ उंच सूर आला की ताण बरोबर. पुस्तकात जे शोधत होते, ते आमच्या घरात पंचवीस वर्षं राहत होतं.

लेझर आहे की!

मित्रमैत्रिणी हमखास विचारतात, "अगं, लेझरवर दे ना. दहा मिनिटांत होईल." खरंय. लेझर आणि सीएनसी हेच काम झटपट आणि अचूक करतात. शंभर एकसारख्या पाट्या हव्या असतील तर तिकडेच जा, उगाच हट्ट नको. पण लेझरनं कापलेल्या लाकडाची कड जळून काळी होते. स्क्रोल सॉची कड लाकडाच्याच रंगाची राहते, आणि दोन-तीन सेंटीमीटर जाड लाकूडही तो कापतो. म्हणून लाकडी कोडी, उभे राहणारे प्राणी, वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून केलेली चित्रं असल्या कामांत त्याची मजा वेगळी.

आणि दुसरं कारण, जे मला बाबांना सांगता येत नव्हतं. कापताना रेषेवरून नजर हलली की काम गेलं. त्यामुळे फोन आपोआप लांब राहतो. अभ्यासात मला वीस मिनिटं सलग बसवत नाही, इथं दीड तास कसा गेला कळत नाही. दिवसभर कुणी ना कुणी आपल्याला मोजतच असतं. मार्क मोजतात, लाइक मोजतात, इंटर्नशिपमध्ये शब्द मोजतात. (हा लेखसुद्धा मोजला जाणार आहे!) त्यात एक तास बिनहिशेबी मिळाला तर बिघडलं कुठं?

सुरुवात करताय? मग हे वाचाच

• आधी हाताची फ्रेट सॉ घ्या. दोन महिन्यांनीही नाद टिकला तरच यंत्राचा विचार करा. त्याला काही हजार रुपये पडतात.

• फ्रेट सॉच्या पात्याचे दात मुठीकडे, म्हणजे खाली वळलेले हवेत. ही करवत खाली ओढताना कापते. टेबलाला व्ही आकाराची खाच असलेली फळी आवळा आणि खाचेवर लाकूड ठेवून कापा.

• पात्याचा नंबर जितका मोठा, तितकं पातं जाड. सहा मिलीच्या प्लायला तीन ते पाच नंबर चालतो. डझनच घ्या, पाती तुटणारच.

• नक्षी कागदावर काढा, ग्लू स्टिकनं चिकटवा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. लाकूड कमी करपतं.

• आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. उलटं केलंत तर धरायला काही उरत नाही आणि नाजूक भाग मोडतो.

• ढकलू नका. पातं रेषेवरून सतत एकाच बाजूला सरकत असेल तर तुमचा हात वाईट नाही. पाती बनवताना दातांच्या एका बाजूला बारीक खरखर राहते, त्यामुळे ती ओढतात. लाकूड किंचित तिरकं धरून पुढं न्या.

• मास्क म्हणजे मास्क. ओढणी नाही. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत कर्करोगकारक म्हणून आहे, आणि एमडीएफची धूळ तर फारच बारीक. चष्मा लावा, खिडकी उघडा, जेवणाच्या जागेत कापू नका. सुताच्या धुळीनं खोकणारी माणसं या गावात कमी नाहीत, त्यात भर नको.

• अनुस्वार, चंद्रबिंदू, नुक्ता ही मंडळी शिरोरेषेला किंवा अक्षराला बारीक दांडीनं जोडूनच नक्षी काढा. अनुभवाचे बोल!

आणि तो अनुस्वार?

दादाच्या मशीनवर केलेल्या दुसऱ्या पाटीत मी अनुस्वार दांडीनं जोडला. पाटी चांगली झाली, ती मावशीला दिली. पहिली, नाक कापलेली, कपाटावर पडून होती.

परवा बाबा कामावरून आले आणि खिशातून एक जुना धोटा काढला. मागावर आडवा धागा घेऊन धावायचा तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड. तडा गेलेला, टाकून दिलेला. आता नव्या मागांना धोटा लागतच नाही, त्यामुळे असले तुकडे भंगारात जातात. "हे लाकूड घट्ट आहे. बघ कापतंय का," म्हणाले.

घट्ट म्हणजे किती? करंगळीच्या नखाएवढा गोल कापायला पाऊण तास आणि दोन पाती. बाबा शेजारी स्टूल टाकून बसले होते. मध्ये एकदा पातं जरा वेगळं वाजलं, तर माझ्याआधी त्यांनीच हात वर केला. यातनं काय मिळणार, हे या वेळी त्यांनी विचारलं नाही.

ठिपका निघाला. बाकीच्या पाटीपेक्षा जरा काळपट. शिरोरेषेच्या वर चिकटवला आणि 'इचलकरंजी' पूर्ण झाली. पाटी दाराबाहेर लावलीय. बघायला कधीही या. फक्त आज अनुस्वाराला हात लावू नका, फेविकॉल अजून ओला आहे.