'पाडस' : बालक व वन्यजीव यांच्या मैत्रीचे चित्रपटीय रूप आणि वाशीम परिसर

प्रस्तावना : बालक आणि वन्यप्राणी यांच्या मैत्रीवर आधारलेले कौटुंबिक साहसपट जगभर लोकप्रिय आहेत. त्यांपैकी बहुसंख्य चित्रपटांचा शेवट सुखद असतो. क्लॅरेन्स ब्राऊन दिग्दर्शित 'द इयरलिंग' (१९४६) हा चित्रपट मात्र या मैत्रीची किंमत कोणी मोजावी, असा प्रश्न उपस्थित करतो. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ज्या कादंबरीवर (१९३८) तो बेतलेला आहे, तिला १९३९ मध्ये पुलित्झर पारितोषिक लाभले. राम पटवर्धन यांनी केलेल्या 'पाडस' या अनुवादामुळे ही कथा मराठी वाचकांना आपलीशी वाटते.

कथानकाचे स्वरूप : फ्लोरिडाच्या रानात शेती करणाऱ्या ज्योडीच्या वडिलांना सर्पदंश होतो. विष उतरविण्यासाठी ते एका हरिणीचा बळी घेतात. तिचे पोरके पाडस ज्योडी घरी आणतो. येथे मैत्रीचा उगम कृतज्ञतेत आणि अपराधभावातही आहे. पुढे पाडस वाढते, कुंपण ओलांडून कोवळा मका फस्त करते. कुटुंबाचे वर्षभराचे अन्नच धोक्यात येते. अखेर आईच्या गोळीने जखमी झालेल्या पाडसाचा अंत ज्योडीलाच करावा लागतो. पाडस दुष्ट नाही आणि आईही क्रूर नाही. दोघांची भूक एकाच शेतावर अवलंबून आहे, हे या शोकांतिकेचे मूळ होय.

स्थानिक संदर्भ : वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ हे काळवीट अभयारण्य आहे. काळवीट हा माळरानाचा प्राणी असल्याने त्याचा वावर अभयारण्याच्या सीमेपुरता राहत नाही. शेलूबाजारसारख्या गावांतील विद्यार्थ्यांना रोही व रानडुकरांनी केलेली पिकांची नासाडी अपरिचित नाही. त्यामुळे ज्योडीच्या आईची बाजू त्यांना चटकन उमगते.

तथापि एक भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते. काळविटाची मादी नवजात पाडसाला गवतात दडवून चरावयास जाते व दूध पाजण्यासाठी परत येते. एकटे दिसणारे पाडस म्हणूनच पोरके असतेच असे नाही. मायेपोटी ते उचलून घरी आणणारे मूल त्याची आईपासून ताटातूट करते. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये असे पाडस पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. ते जागेवरच राहू द्यावे. जखमी असल्यास वनविभागास कळवावे.

समारोप : साहित्य, पर्यावरणशास्त्र व ग्रामीण अर्थशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना हा चित्रपट एकत्रितपणे अभ्यासता येईल. वन्यजीवांविषयीची करुणा आणि शेतकऱ्याचा उदरनिर्वाह यांपैकी एकाचीच बाजू शिकविल्यास विद्यार्थ्याचे आकलन अपुरे राहते. पीकनुकसानीची भरपाई वेळेवर मिळणे हाही वन्यजीव-संरक्षणाचाच भाग आहे, हे 'पाडस'च्या आधारे वर्गात प्रभावीपणे मांडता येते.