मोज्यात ओतलेलं कस्टर्ड

एक माणूस पॅरिसमधून नेपोलियनचा पियानो पळवतो आणि त्याच पियानोवर बसून इंग्लिश खाडी पार करायला निघतो. सिनेमात हे दाखवायचं तर केवढा खटाटोप! 1955 साली बीबीसी रेडिओवरच्या ‘द गून शो’त मात्र हे सहज घडलं. लाटांचा आवाज, तीन-चार नटांची बडबड, की पियानो समुद्रात!

हे लिहिणारा स्पाइक मिलिगन जन्मला आपल्या नगरमध्ये, 16 एप्रिल 1918 रोजी. आयरिश वडील ब्रिटिश फौजेच्या तोफखान्यात होते. त्याचं लहानपण पुण्यात आणि पुढे रंगूनला गेलं. दुसऱ्या महायुद्धात तो स्वतः तोफखान्यात लढला. 1944 मध्ये इटलीत मोंते कासिनोच्या आघाडीवर जखमी झाला आणि त्या धक्क्याने मनानेही खचला. ‘गून शो’त सारखे स्फोट होतात, माणसं उडतात आणि पुढच्याच वाक्याला बोलू लागतात. मला त्यात ते युद्धच ऐकू येतं.

1951 ते 1960 या काळात दोनशेहून अधिक भाग झाले. पीटर सेलर्स, हॅरी सीकम आणि मिलिगन मिळून ढीगभर पात्रं उभी करत. लेखनाचा मुख्य भार मिलिगनवर. दर आठवड्याला अर्ध्या तासाची संहिता हवीच! 1952 च्या अखेरीस तो कोलमडला, रुग्णालयात दाखल झाला. मनाच्या आजाराने त्याला जन्मभर सोडलं नाही.

पण आवाजाचा ध्यास बघा. त्याला एकदा ‘फच्च’ असा नेमका आवाज हवा होता. कँटीनमधल्या बायकांना त्याने कस्टर्ड करायला सांगितलं. बिचाऱ्याचं पोट बिघडलंय, असं समजून त्यांनी ते मायेने करून दिलं. पठ्ठ्याने ते त्यांच्यासमोरच मोज्यात ओतलं! स्टुडिओत मायक्रोफोनपाशी प्लायवुडची फळी उभी होती. मोजा गरगर फिरवून त्याने फळीवर आपटला. हवा तो आवाज काही आला नाही.

तोवर रेडिओ-विनोदात आवाज संवादाच्या मागे उभा राहायचा. मिलिगनने त्यालाच पात्र केलं. 1958 मध्ये बीबीसीने खास आवाज घडवण्यासाठी रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू केलं. ‘गून शो’तल्या मेजर ब्लडनॉक या पात्राच्या पोटातली भयंकर गुडगुड हे तिथल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक.