बाईच्या चेहऱ्यावर केस का येतात?

‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं,’ अशी आपल्यात एक म्हण आहे. जी गोष्ट कधी घडायची नाही, तिच्याबद्दल बोलताना ही म्हण वापरतात. पण खरे पाहिले तर आत्याबाईला मिशा येतात. मावशीला येतात, मामीला येतात, वयात आलेल्या पोरीलाही येतात. कुणाच्या ओठावर काळी रेघ दिसते. कुणाच्या हनुवटीवर चार राठ केस उगवतात. कुणाच्या गालावर दाट लव येते.

या गोष्टीबद्दल बाया उघड बोलत नाहीत. पदर ओढून हनुवटी झाकतात. मुलगी आरशापुढे रडते, तर आई म्हणते, ‘गप बस, कुणाला सांगू नकोस.’ लाजेपायी कुणी भलतेच मलम लावते, कुणी चेहरा भाजून घेते. कधी कधी त्या केसांमागे एखादे दुखणे असते. केस झाकले की ते दुखणेही झाकले जाते. म्हणून आम्ही हा विषय इथे मोकळेपणाने मांडत आहोत. बायांनी तो वाचावाच. पण बापाने, भावाने आणि नवऱ्यानेही वाचावा.

केस उगवतात कसे?

तळहात, तळपाय आणि ओठ सोडले तर बहुतेक सगळ्या अंगावर केस असतात. प्रत्येक केस कातडीतल्या एका बारीक खळग्यातून उगवतो. हे खळगे आपण जन्माला येतानाच घेऊन येतो. बाई असो की पुरुष, दोघांच्याही चेहऱ्यावर ते असतात. मग पुरुषाला दाढी येते आणि बाईला नुसती लव, असे का?

आपल्या शरीरात काही ग्रंथी आहेत. त्या रक्तात निरनिराळे रस सोडतात. या रसांना डॉक्टर हार्मोन म्हणतात. पुरुषी हार्मोन वाढले की चेहऱ्यावरची मऊ लव राठ आणि काळी होते. पुरुषाच्या अंगात हे हार्मोन पुष्कळ असते. बाईच्या अंगातही ते असते, पण थोडे. बाईच्या पोटातले बीजकोश आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी ते तयार करतात. थोडे असणे हे चांगलेच. ते प्रमाणाबाहेर गेले म्हणजे लवेचे केस होतात. काही जणींच्या अंगात ते वाजवीच असते, पण त्यांची कातडीच त्याला लवकर दाद देते.

यात पाप नाही, शाप नाही, अपशकुन नाही. जशी कुणाची उंची जास्त, तसे कुणाचे केस जास्त.

कोणते केस काळजीचे नाहीत?

आईला ओठावर लव असेल, आजीलाही असेल, तर मुलीला येणारच. घराण्यात नाक येते तसे केसही येतात. पाळी वेळेवर येत असेल आणि केस वर्षानुवर्षे तेवढेच असतील, तर भिण्याचे कारण नाही.

चाळिशी-पन्नाशीत पाळी जाते. तेव्हा बाईपणाचे हार्मोन फार कमी होते आणि पुरुषी हार्मोनचा जोर त्या मानाने जास्त पडतो. म्हणून पुष्कळ आजीबाईंच्या हनुवटीवर राठ केस दिसतात. तेही वयाचेच लक्षण आहे.

कोणते केस ही सूचना आहे?

समजा, एखाद्या मुलीच्या हनुवटीवर केस वाढत आहेत. तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. तोंडावर मुरमे आहेत. वजन वाढते आहे. मानेवरची कातडी काळी आणि जाड झाली आहे, कितीही घासली तरी निघत नाही. ही सगळी एकाच दुखण्याची खूण असू शकते. त्याला डॉक्टर पीसीओएस म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत शिकागो शहरातल्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी अशा सात बायकांची माहिती लिहून ठेवली. तेव्हापासून या दुखण्याचा अभ्यास सुरू आहे.

हे दुखणे दुर्मीळ नाही. मूल होण्याच्या वयातल्या १०० बायकांमध्ये १० ते १३ जणींना ते असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतल्या पुष्कळ जणींना ते ठाऊकही नसते. या दुखण्यात बीज वेळेवर सुटत नाही, म्हणून दिवस राहायला अडचण येते. पुढे मधुमेह होण्याचा धोकाही वाढतो. मूल होत नाही म्हणून बाईला बोल लावतात, नवससायास करतात, पण तपासायला नेत नाहीत. खरे तर औषधोपचाराने अशा पुष्कळ जणींना मूल होते.

उपाय काय? रोज चालणे, कामात शरीर हलते ठेवणे, गोड आणि तळलेले कमी खाणे. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरले तरी पाळी सुधारू शकते. डॉक्टर गोळ्याही देतात. पण केसांवर गुण यायला सहा महिने तरी लागतात. महिन्याभरात ‘गुण नाही’ म्हणून सोडून देऊ नका. यातल्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला अपाय करतात. दिवस गेले असतील किंवा जाण्याचा संभव असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणखी एक प्रकार आहे. तो क्वचितच होतो, पण गंभीर असतो. चार-सहा महिन्यांत एकाएकी चेहऱ्यावर, छातीवर राठ केस येतात. आवाज पुरुषासारखा घोगरा होतो. डोक्याचे केस कपाळाकडून विरळ होतात. अशा वेळी बीजकोशात किंवा त्या टोपीसारख्या ग्रंथीत गाठ असू शकते. मग दिवस काढू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात जा.

मलमापासून सावध

खरूज-गजकर्णाला किंवा ‘गोरं व्हायला’ म्हणून पुष्कळ जण दुकानातून मलम आणतात. त्यांतल्या काहींमध्ये स्टेरॉइड नावाचे औषध असते. बेटामेथॅसोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्याची काही नावे. पहिले काही दिवस चेहरा उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ आणि लाल होते, मुरमे येतात आणि चेहऱ्यावर केस वाढतात. म्हणजे गोरेपणासाठी पैसे मोजायचे आणि मिशा विकत घ्यायच्या! अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, म्हणून सरकारने २०१८ साली नियम कडक केला. मलम घेताना नळीवरचे नाव वाचा. तुम्हाला आता वाचता येते, त्याचा उपयोग इथे करा.

फेपऱ्याच्या काही गोळ्यांनीही केस वाढतात. पण त्या मनाने बंद करू नका, फेपरे उलटेल. डॉक्टरांना विचारा.

वस्तरा लावला की केस दाट होतात का?

‘एकदा वस्तरा लावलास की दाढीच येईल,’ असे सगळ्या म्हणतात. ते खरे नाही. शेतातली ज्वारी कापली की धसकटे पायाला टोचतात. म्हणून ताट आधीपेक्षा जाड झाले का? नाही. टोक तिरपे आणि बोथट झाले, एवढेच. केसाचेही तसेच. वस्तरा वरचा केस कापतो, खळग्यातल्या मुळाला तो हातही लावत नाही. १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या बाईंनी दाढी करणाऱ्यांचे केस मोजून पाहिले. दाढी केल्याने केस जाड होत नाहीत, जोराने वाढतही नाहीत, असे त्यांना दिसले.

काढायचे असतील तर कसे?

न काढले तरी चालते. काढायचेच असतील तर या रीती आहेत.

कात्री आणि वस्तरा: सर्वांत स्वस्त. पण पाते आपले एकटीचे असावे. दुसऱ्याच्या पात्याने कापले तर रक्तातून कावीळ किंवा एड्सचा जंतू येऊ शकतो.

दोरा: मुळासकट केस निघतो, म्हणून काही आठवडे येत नाही. दुखते मात्र. दोरा नवा आणि हात धुतलेले हवेत.

साखर-लिंबाचा पाक: तो कोमट झाला का, हे आधी मनगटावर पाहा. गरम पाकाने पुष्कळ जणी भाजतात.

केस काढायची क्रीम: आदल्या दिवशी हातावर थोडी लावून पाहा. आग झाली तर चेहऱ्याला लावू नका. सांगितल्यापेक्षा जास्त वेळ ठेवू नका.

लेझर: हा प्रकाशाचा उपाय आहे. काळ्या केसांवर चालतो, पांढऱ्यांवर नाही. पाच-सहा वेळा तरी जावे लागते, खर्चही येतो. सावळ्या कातडीला चुकीच्या यंत्राने चटके बसतात, म्हणून कातडीच्या डॉक्टरांकडेच करावा. आतले दुखणे तसेच राहिले तर केस पुन्हा येतात.

हरताळ आणि चुना यांचा लेप मात्र कधीही लावू नका. हरताळात सोमलाचे विष असते. बेसन-हळदीने चेहरा स्वच्छ होईल, पण केस जाणार नाहीत. तान्ह्या मुलीची लव काढायला कणकेचा गोळा घासतात, तोही नको. तिची कोवळी कातडी सोलते, आणि ती लव काही दिवसांनी आपोआपच गळते.

घरच्यांनी काय करावे?

‘मिशीवाली’ म्हणून मुलीला चिडवले, की ती शाळेत जायची थांबते, लोकांत मिसळेनाशी होते. लग्नाच्या वेळी केस पाहून नाही म्हणणारेही असतात. केसांवरून बाईची किंमत ठरत नाही, हे आधी घरातच ठरले पाहिजे. पोरीला ओरडण्याऐवजी आईने एकच प्रश्न विचारावा, ‘बाई गं, तुझी पाळी वेळेवर येते ना?’ उत्तर ‘नाही’ आले, तर आशाताईंना भेटा. त्या आरोग्य केंद्राची वाट दाखवतील. तिथून पुढे रक्त आणि सोनोग्राफी यांची तपासणी होते.

हे ध्यानात ठेवा

१. घराण्यातून किंवा वयाने आलेले केस हे दुखणे नव्हे.
२. केस वाढले आणि पाळी चुकते, तर तपासून घ्या.
३. एकाएकी केस आले आणि आवाज बदलला, तर ताबडतोब दवाखाना गाठा.
४. चिठ्ठीशिवाय मलम चेहऱ्याला लावू नका.
५. केस ठेवायचे की काढायचे, हे जिच्या चेहऱ्यावर आहेत तिने ठरवावे.